पुलावर बंद पडणारी गाडी

अहो,

तुमचं नाव घेऊन कधी हाक मारली नाही, मग आता पत्रात तरी काय घालू? अहोच राहू द्या.

लिहायचं कारण एवढंच, की आज बाजारच्या दिवशी आपली मोटारसायकल सास्तूरपासून लोहाऱ्यापर्यंत एकदाही बंद न पडता गेली. सांगणार कुणाला? शिवणाच्या दुकानातल्या बायका म्हणतील, 'बरं झालं बाई', आणि पुन्हा काजं-बटणांना लागतील. तुम्ही मात्र विचारलं असतं, 'काय निघालं?' सांगते. मधे बोलू नका.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही, हे गावात अजून चघळतात. खरं सांगू? मला काही वाटतच नव्हतं. आताही फारसं वाटत नाही. भाकरी टाकताना तव्याचा चटका बसतो, तो कळतो. पण आई गं म्हणायचं राहून जातं. येते, जाते, ब्लाऊज शिवते, झोपते.

राग तेवढा येतो, तुमचा! गाडीचा आवाज जरा बदलला की रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून कान लावायचात. आणि स्वतःच्या छातीत मधूनच कळ यायची, तिचं काय? 'गॅस हाय गं, सोडा पितो.' एकदा दवाखान्यात नेलं तर नेमकं त्या दिवशी काही दुखेना. हसत परत आलात! मग त्या दुपारी जीपमधून लोहाऱ्याला नेताना, ओढ्याच्या पुलावर, माझ्या मांडीवरचं तुमचं डोकं एकदम जड झालं. मला कळलं होतं. ड्रायव्हरला मी सांगितलंच नाही. दवाखान्यापर्यंत तशीच बसून राहिले.

तेरावं झालं आणि मी गाडी काढली. दुकान लोहाऱ्यात, जीपच्या भरवशावर रोज उशीर कोण करणार? बायकांनी तोंडाला पदर लावला. लावू द्या म्हटलं, शिकवलीत तर तुम्हीच.

बाजारच्या दिवशी आत्याबाई मागं बसायच्या. तुमच्या आईला तुम्ही न्यायचात, तसंच मीही नेऊ लागले. सकाळी टाकी फुल्ल करायची, ती तुमचीच सवय. पहिल्याच बाजारी ओढ्याच्या पुलावर गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. बरोब्बर तिथंच! मी पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं, लावलं, किक मारली. चालू! पुढच्या बाजारी पुन्हा तेच. पुन्हा पुलावरच.

आत्याबाई खाली उतरल्या, टाकीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "हितंच हायस व्हय रं लेकरा? जेवलास का?"

मी गाडी स्टँडला लावली आणि शेजारी कठड्यावर टेकले. त्या तुमच्याशी बोलत राहिल्या, कोण आलं, कोण गेलं, म्हशीनं लाथ मारली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, सोडलं त्यानं." मी पुन्हा पेट्रोल बघून झाकण लावलं, किक मारली आणि खरंच गाडी सुटली. एरवी त्या घरात भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असायच्या. बाजारच्या दिवशी मात्र माझ्या आधी आंघोळ करून तयार.

बाकीच्या दिवशी मी एकटी असायचे, तेव्हा गाडीचा काही नेम नसायचा. कधी पुलाच्या पुढं कुठंतरी बंद पडायची, कधी आठ-आठ दिवस काहीच नाही. लोहाऱ्याच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. त्याच्या दारात ती मेली एकदा बंद पडेल तर शपथ! "ताई, गाडी ठणठणीत हाय," म्हणायचा.

मग एक दिवस उसाच्या ट्रॉलीला मागं टाकत असताना मधेच इंजिन गेलं. समोरून जीप. कशी कडेला आले, मला सांगता येणार नाही. भाऊजींनी, तुमच्या धाकट्यानं, ते पाहिलं होतं. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, गाडी काढून टाका. न्हाय तर नीट तरी करा. दादा गेला तेवढं बास झालं."

आत्याबाई उठून बसल्या. "नीट करा म्हंजे? त्येला हाकलून द्या म्हनतूस व्हय?" त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? गाडी तशीच ठेवली तर एक दिवस मी ट्रॉलीखाली जाणार. नीट केली तर या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, आणि तोही माझ्या हातानं. मला काही वाटत नाही असं लोक म्हणतात ना? त्या दोन दिवसांत मला भीती तेवढी वाटली.

तुमचं एक बोलणं कानात होतं. 'एका टायमाला एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कशानं बरी झाली हे कवाच कळणार न्हाय.' तसंच करायचं ठरवलं. पुढच्या बाजारी पुलावर गाडी बंद पडली. मी प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी, झकास. म्हणजे करंट येतोय. कार्बोरेटरची नळी ओढली. पेट्रोल दोन थेंब आलं आणि थांबलं. टाकी भरलेली, कॉक चालू, मग पेट्रोल का येईना? नळी पुन्हा लावली, झाकण उघडायला गेले तर आत्याबाई टाकीवर कपाळ टेकून बसलेल्या. त्यांना कसं उठवू? तशीच किक मारत राहिले. गाडी ढिम्म.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं उचललं. मी झाकण उघडलं. फस्स! टाकीनं आत हवा ओढली. पहिल्या किकला चालू.

कळलं ना तुम्हाला? मला तिथंच कळलं. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरतं तसं त्याच्या जागी हवा शिरत नाही, आणि पेट्रोल अडून बसतं. टाकी फुल्ल असली की आत हवा मुळातच थोडी, हे लवकर होतं, म्हणून बाजारच्या दिवशीच पुलावर. दर वेळी पेट्रोल बघायला म्हणून झाकण उघडत होते, आणि माझ्याच हातानं ती बरी होत होती. तुम्ही असता तर टाळी दिली असती. मला आनंद झाला नाही.

घरी येऊन झाकण उलटं केलं. भोकात राखाडी, तेलकट असं काहीतरी घट्ट बसलेलं. बोटावर घेऊन हुंगलं. अंगारा! देवीचा अंगारा, खोबरेल तेलात कालवलेला.

"आत्याबाई, हे झाकणावर कोण लावतं?"

"म्याच लावते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. तू उठायच्या आदी."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? एवढ्या लांब एकली जातीस गाडीवर. एक गेला माझा. तुला तरी कायी हू नये."

अहो, ज्यानं मी ट्रॉलीखाली जाणार होते ते हे होतं! माझी काळजी! हसावं की रडावं कळेना, म्हणून मशीनची सुई घेतली आणि पेट्रोलमध्ये बुडवून भोक साफ करत बसले. साफ करता करता सगळं खरं सांगून टाकलं. खोटं बोलून त्यांना पुलावर नेणं मला जमलं नसतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "मंग आता त्यो थांबणार न्हाय?"

मी सुई पुसली आणि झाकण टाकीवर घट्ट बसवलं.

आज बाजार होता. मला वाटलं, येणार नाहीत. आल्या. टाकी फुल्ल. पूल दिसायला लागला तसे त्यांचे हात माझ्या खांद्यावर आवळले. आणि अहो, मीसुद्धा वाट बघत होते! एवढं सगळं शोधून काढलेली मी, भोक स्वतःच्या हातानं साफ केलेली मी, आचक्याची वाट बघत होते. इंजिन एकसारखं चालत राहिलं. पूल मागं गेला.

तेव्हा मला पटलं, की तुम्ही नाही आहात. जीपमध्ये नुसतं कळलं होतं, सरणापाशीही पटलं नव्हतं. आज पटलं.

पुढं लिंबाखाली मी ब्रेक दाबला. रडू आलं असं नाही, पण हँडल धरून बसवेना. आत्याबाई उतरल्या.

"बंद पडली का?"

"न्हाय. मीच थांबवली."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग मातीतच बसल्या आणि शेजारी हात आपटला, बस म्हणून.

"एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "त्यो असू दे, नसू दे. गाडी बंद पडली म्हंजे तू माझ्यापाशी बसायचीस. घरात तू बसतीस का गं कवा?"

अहो, नव्हते बसत. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या खोलीत मी ताट ठेवून लगेच बाहेर पडायचे. त्यांच्याकडं बघितलं की तुमचं नाक दिसतं.

दुकानात तासभर उशिरा पोचले. मालकीण बोलली. बोलू दे.

गाडी नीट झाली आहे, ती मी विकणार नाही. उद्यापासून अंगारा हेडलाइटला लावायचा असं आमचं ठरलंय. आणि तुम्हाला शब्द देते, दर बाजारी त्या पुलावर मी ब्रेक दाबीन, किल्ली फिरवून इंजिन बंद करीन आणि तुमच्या आईशेजारी बसेन. त्या उठ म्हणेपर्यंत.

तुमची,
सुमन