धबधब्यावरचा लाल ठिपका

प्रिय झार्या,

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस. हे पत्र माशाबद्दल आहे, निदान सुरुवातीला तरी.

रविवारी स्काल्निकच्या धबधब्याच्या वर वीतभर ट्राउट गळाला लागला. ओल्या हातात धरला, तर अंगभर आपल्या सोचा नदीची ती संगमरवरी नक्षी आणि शेपटीजवळ मसुराएवढा एक लाल ठिपका! अस्सल संगमरवरी ट्राउटला लाल ठिपका नसतो, तो बाहेरून आणलेल्या तपकिरी ट्राउटच्या रक्ताचा, हे तूच शिकवलंस. तीन वर्षांपूर्वी तूच तपासून लिहून दिलंस, की धबधब्याच्या वरचा एकूण एक मासा अस्सल. त्याच भरवशावर आपली मासेमारांची संघटना येत्या नोव्हेंबरात तिथल्या माद्यांची अंडी काढून सगळ्या खोऱ्यात पिल्लं सोडणार आहे.

मग हा ठिपका पंधरा मीटरचा सरळ कडा चढला कसा? मला चैन पडेना. तुझ्या बाबांकडे गेलो. ते हॅचरीत, माशांची अंडी उबवायच्या टाक्या घासत होते. "या प्रोफेसर! कॉलेज अर्ध्यात टाकलंत, आता आमच्या लेकीचे पेपर तपासणार?" म्हटलं, पुरात चढला असेल. "पूर खाली येतो रे, गाढवा." मग बगळ्यानं टाकला असेल? "बगळ्याच्या चोचीतून जिवंत सुटला, तर तो मासा नव्हे, मंत्री." मग ब्रश ठेवून हळूच म्हणाले, "मासा चढत नाही, गाश्पर. त्याला कुणीतरी नेतं."

मी तिरमिरीत निघालो. कोण तो हरामखोर, शोधून त्याचे दात पाडणार होतो. चार दिवस एकेक डोह पालथा घातला. एक्केचाळीस मासे धरले, बघितले, सोडले. ठिपकेवाले तीनच, तिन्ही वीतभर, जणू भावंडं, आणि तिन्ही एकाच डोहात, बीच झाडाच्या आडव्या खोडाखाली.

त्या खोडावर बसलो आणि आठवलं. तपासणी आटोपून तू ल्युब्ल्यानाला निघालीस, त्याच्या आदल्या दिवशी मी धबधब्याखाली तुझ्यासाठी मासा धरला होता. "जिवंत आहे ना? सोड त्याला," म्हणालीस आणि गेलीस. खाली सोडला असता तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तव्यावर गेला असता. तू वाचवलेला मासा कुणाच्याच हाती लागू नये, म्हणून बादलीत घालून कडा चढलो आणि याच डोहात सोडला. ठिपके बघितलेच नाहीत गं; ही तिघं त्याचीच पिल्लं. तेव्हा मला तुझ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

उद्या संघटनेत जाऊन हे सांगणार आहे. अंडी काढणं थांबेल, आणि सगळे आधी तुझ्याच अहवालाकडे बोट दाखवतील. म्हणून हे लिहिलं. तुझा अहवाल खरा होता. खोटा मी पाडला. हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. बादलीबद्दलचं झाकू नकोस, प्रेमाबद्दलचंही नको. ते तुझ्याखेरीज सगळ्या गावाला माहीत आहे.

तुझाच,
गाश्पर