धवला मध्येच तोडू नये

सारसोळे, नेरूळ.
दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

सौ. चंदा हीस,
गोवर्धनचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व मंडळी सुखरूप आहेत. जासईस तुम्हां सर्वांची प्रकृती उत्तम असावी. मी चौथी उत्तीर्ण आहे. हे पत्र कोणाकडून लिहवून घेतलेले नाही, हे अक्षरावरून ध्यानी येईलच.

प्रथम आनंदाची वार्ता. टीव्हीला जोडण्यासाठी लहान संगणक घेतला. जुन्याचा पंखा इतका घरघरे की तुझ्या कैलासवासी ताईचा गाता आवाज त्यात बुडून जाई. नव्यास पंखाच नाही. मात्र त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालावी, यावर कल्पेश व सूनबाई हेतल यांचा वाद जुंपला. मी म्हणालो, "दोन्ही घालून दाखवा. निर्णय मी देईन." परीक्षेस कल्पेशच्या हळदीचे चित्रीकरण लावले. त्यात तू व ताई धवले गात आहात.

पहिल्या सिस्टीमने धवला ऐन रंगात असता पडद्यावर पाटी आणली, अपडेट करू का? मी तिला तत्काळ बाद केले. हळदीचा धवला सुरू झाला की पुरा होईतो थांबवीत नाहीत. एवढी रीत जिला नाही, ती घरात नको.

दुसरी लिनक्स. तिने काहीही न विचारता गाणे लावले. तरीही धवला तुटलाच.

"हीसुद्धा तशीच!" मी ओरडलो.

हेतल हळूच म्हणाली, "बाबा, सिस्टीमनं नाय थांबवलं. तुमचाच आवाज हाय तो."

पुन्हा लावून ऐकले. "पुरे आता! साहेब मंडळी आली. डीजे लावा."

अकरा वर्षे मी भावकीत सांगत आलो की चंदा त्या हळदीतून क्षुल्लक कारणावरून न जेवता निघून गेली. ताईने मला कधी बोल लावला नाही. परंतु त्यानंतर ती कोणाच्याही मांडवात गायली नाही.

लिनक्स ठेवली आहे. उत्तम चालते.

२९ तारखेस धाकट्या प्रणयची हळद आहे. डीजे सांगितलेला नाही. कल्पेश म्हणतो, "मावशीला सरळ फोन लावा ना!" फोनवर मला एवढे बोलता आले नसते.

मी जेथे तोडला, तेथून पुढचा धवला आता तुलाच ठाऊक आहे. तो पुरा होईतो मी मांडवाच्या दारात उभा राहीन. कोणी साहेब आलेच, तर त्यांस तेथेच थांबवीन.

तुझा अपराधी भाऊजी,
गोवर्धन