त्यानं पाठ फिरवली तेव्हा

प्रिय डॉक्टर एस्मे,

आम्हां आदिवासींच्या किडन्या इतक्या लवकर का थकतात, हे शोधत तुम्ही वीस वर्षं आमच्या बेटावर घरोघरी हिंडलात. म्हणूनच तुमच्या नव्या लेखातलं एक वाक्य मला फार लागलं: 'इथले नातेवाईक किडनी द्यायला कचरतात.'

तो नातेवाईक माझा धाकटा भाऊ. तुम्ही आम्हां दोघांना एका खोलीत बसवून त्याला विचारलंत, "बहिणीला किडनी देशील?" तो पाठ फिरवून बाहेर गेला आणि तुम्ही 'नकार' लिहिलंत. लहानपणी तो माझ्या पाठुंगळी बसून खेकडे धरायला यायचा. पण आमच्यात वयात आल्यावर बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, नजरेला नजरही देत नाहीत. पाठ फिरवणं हा मान आहे, डॉक्टर.

उत्तर त्यानं बाहेर आंब्याखाली बायकोला दिलं. तुम्ही गेल्यावर जसिंता धावत माझ्याकडे आली. "वन्सं, हे म्हणतायत आजच काढा! मी म्हटलं, आधी जेवा तरी!"

मी तिला सांगितलं, "त्याची किडनी जुळत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या." खोटं बोलले. आई याच आजारानं गेली, थोरली बहीणही. त्याची उरलेली एक किती वर्षं पुरली असती?

आता बेट सोडून डार्विन शहरात राहते, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर असते. हे पत्र टाकलं तर तुम्ही वाक्य सुधाराल, पण मग त्याला पुन्हा विचाराल, या वेळी जसिंताकडून. आणि तो लगेच येईल.

म्हणून तुमच्या लेखात तो भित्राच राहू दे.

तुमची,
अगाथा