शब्द माझा, नेम कोस्मासवर

२३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ
काल राखेचा बुधवार झाला, उपासकाळ सुरू झाला. कपाळावरची राख पुसली, पण राग आहे तिथेच आहे. नऊ वर्षं मी आमच्या प्रार्थनामंडळाचा अध्यक्ष होतो. गेल्या वर्षी बारा घरांनी मिळून खुर्ची कोस्मासला दिली. मासासी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलींची पंक्चरं काढणारा माणूस. वाचताना अजून ओळीखाली बोट धरतो. आणि मी एकतीस वर्षं मास्तरकी केलेली.

नवी निवड २३ मार्चला. तोवर सूड घ्यायचा, तोही पवित्र शास्त्रातूनच.

प्लॅन साधा आहे. दर गुरुवारी मंडळी एका घरी जमतात. रविवारचं शुभवर्तमान सावकाश वाचायचं, गप्प बसायचं. मग ज्याला जे वाक्य लागलं ते त्याने तीनदा मोठ्याने म्हणायचं. खुलासा नाही, दुसऱ्याने उत्तर देणं नाही. म्हणजे मी मारायचं आणि कोस्मासने गप्प बसायचं. नियमात बसतं.

संध्याकाळ
पहिला वार. "सैताना, चालता हो." तीनदा, कोस्मासकडे रोखून बघत. त्याने डोळे मिटून घेतले. लागलं.

निघताना शेजारच्या अपोलोनिया आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, गुरुजी, दारू सुटणं सोपं नसतं, आमच्या ह्यांचंही असंच होतं. म्हटलं, आजी, मी घेत नाही. म्हणाल्या, तेही हेच म्हणायचे.

२ मार्च, गुरुवार
आजचं वाचन फुकट. डोंगर, ढग, लखलखीत पांढरे कपडे. मारण्यासारखं एक वाक्य नाही. "भिऊ नका" असं कोस्मासला मी कशाला सांगू? गप्प राहिलो. अपोलोनिया आजी सगळ्यांना कुजबुजत सांगत होत्या की गुरुजी आतल्या आत झगडताहेत.

९ मार्च, गुरुवार
विहिरीवरच्या, पाच नवरे झालेल्या बाईची गोष्ट. मला हवं ते बरोबर सापडलं. "आता जो तुझ्याजवळ आहे, तो तुझा नाही." म्हणजे खुर्ची. तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा जरा सावकाश.

सगळ्यांनी वळून माझ्या बायकोकडे, स्कोलास्टिकाकडे पाहिलं. का ते कळलं नाही.

घरी आल्यावर कळलं. ताटात नुसता मक्याच्या पिठाचा गोळा, उगाली, कालवण नाही. म्हणाली, अहो, ती कोण आहे ते एकदा सांगून टाका. शपथा घेतल्या. कोस्मासचं नाव सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला तिने. म्हणाली, उच्चारलेलं वाक्य देवाने आपल्यालाच सांगितलेलं असतं, दुसऱ्यासाठी नसतं, हे नऊ वर्षं तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मग लोक दुसरं काय समजणार?

बायकांना डावपेच कळत नाहीत. ज्याला समजायचं त्याला समजलंय.

१० मार्च
आज कालवण आहे. मीठ नाही.

१६ मार्च, गुरुवार
आजचा वार जोरदार. आंधळ्याला दृष्टी मिळते, तर शहाणे लोक त्यालाच हाकलतात. मी म्हटलं, "तू पापात जन्मलास, आणि आम्हाला शिकवतोस?" तीनदा. दुकानात ग्रीस पुसत लोकांना उपदेश करतो ना कोस्मास, त्याला.

कोस्मासच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेलास बेट्या.

पण बाकीचेही रडत होते. अपोलोनिया आजी म्हणाल्या, एवढा मोठा मास्तर, आणि चारचौघांत स्वतःला असं बोलून घेतो. निदान माझ्याबद्दल आदर वाढतोय. बारापैकी आठ घरं माझी, नक्की.

२३ मार्च, गुरुवार, सकाळ
चार दिवस थडग्यात पडलेल्या लाजारसची गोष्ट. "त्याला आता वास येत असेल." कोस्मासच्या कारभारावर यापेक्षा चांगलं काय बोलणार? इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. अध्यक्ष म्हणून करायचं भाषणही तयार आहे.

संध्याकाळ
तीनदा म्हटलं. शेजारी बसलेला जरा सरकला.

मग कोस्मास उठला. म्हणाला, तिसरीत मला अक्षरं नाचताना दिसायची. सगळी पोरं हसायची. गुरुजींनी माझं बोट धरून ओळीखाली ठेवलं, म्हणाले, आता ती पळणार नाहीत. म्हणून आज मी हे पुस्तक वाचतो. खुर्ची त्यांचीच. वर्षभर मला तिच्यावर बसवत नव्हतं. ती त्यांना परत करायची असं मी राखेच्या बुधवारीच ठरवलं होतं.

मी उठायच्या तयारीत होतो.

मग म्हणाला, पण हा उपासकाळ गुरुजींनी कसा काढला ते आपण पाहिलं. दारू, बाई, गर्व, सगळं आपल्यासमोर उघडं केलं. आता आपलाच वास आपल्याला येतोय म्हणतात. अशा वेळी त्यांच्यावर हे ओझं टाकणं पाप आहे. उद्यापासून नऊ दिवस त्यांच्याच घरी जमू, त्यांच्यासाठी.

हात वर झाले. कोस्मासला अकरा घरं. उरलेलं घर माझं, आणि त्यातला फक्त माझा हात वर नव्हता. स्कोलास्टिकाचा वर होता.

म्हणजे गप्प बसलो असतो तर खुर्ची मिळाली असती. नुसता गप्प.

२४ मार्च, शुक्रवार
सगळे आले. माझ्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर कोस्मास. मी चटईवर. त्याने ती तिसरीची गोष्ट सांगेपर्यंत मला आठवतही नव्हती.

वाचन माझ्याकडे दिलं. काल केलेलंच. चष्मा पुसला तरी अक्षरं नाचत होती, दोनदा ओळ चुकली. कोणी हसलं नाही. कोस्मास खुर्चीवरून उतरून शेजारी बसला.

शेवटी ओळीखाली बोट धरलं आणि वाचलं.