राणीच्या जागी बसलेली माय

माय,

तुझे जावई रायपूरला आहेत आणि आमचं बोलणं बंद आहे. भांडण क्षुल्लकच होतं. पण जाताना त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, म्हणून मी ठरवलं की पहिला फोन त्यांचाच यायला हवा. येतो की नाही ते बघू. आणि अशात आज कॉलेजात मुलांना जुन्या जर्मन कथा शिकवायची पाळी आली. मध्ययुगातल्या त्या सरदारांना दुसरा उद्योगच नाही. कुणी भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच दारात येतो, कुणी आपल्याच मरणाची बातमी धाडतो, आणि बायको कसोटीला उतरली की मग तिला जवळ घेतो. शिकवता शिकवता मला आपलं अंगण दिसायला लागलं.

मी शिकत असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. मंडईची जत्रा तोंडावर, घर पाहुण्यांनी भरणार, आणि तू चुलीपुढे. अशीच एक गोष्ट मी तुला सांगत होते, पण कान बाबांचे टवकारले. झाडीपट्टीच्या नाटकांत राजाची कामं करणारे ते. "हे तं आपल्याच स्टेजचं नाटक हाये," म्हणाले, आणि मंडईसाठी तेच बसवायला घेतलं.

नागपूरची नटी नेहमीप्रमाणे नाटकाच्या दिवशीच येणार होती. तोवर तालमीत राणीच्या जागी कुणीतरी हवं, म्हणून बाबांनी तुलाच बसवलं. तू सूप मांडीवर घेऊन वालाच्या शेंगा सोलते आहेस, मागून प्रॉम्प्टर सांगतो ते वाक्य म्हणते आहेस, आणि नाटक मंडळातली माणसं गालातल्या गालात हसताहेत. शेवटचा प्रवेश येतो. बाबा अंगावरचं भिकाऱ्याचं घोंगडं फेकतात. "राणी, मी जिवंत आहे! तू परीक्षेत उतरलीस!" आता राणीने पायांवर पडायचं.

तू हातातली शेंग खाली ठेवलीस.

"जिवंत होते तं निरोप काऊन नाही धाडला? तुमी तिकडं पाहून राहिले होते, अन् मी इकडं पोरीले घेऊन रोज मरून राहिली होती."

हे राणीचं वाक्य नव्हतं, हे सगळ्या मंडळाला कळलं. मी लहान असताना बाबा तुझ्याशी भांडून नाटक कंपनीबरोबर गेले होते आणि हंगामभर त्यांनी निरोप पाठवला नव्हता. तू माहेरी जातेस की वाट बघतेस हे त्यांना पाहायचं होतं. पुढे ते ही गोष्ट चारचौघांत हसत सांगायचे, आणि तूही पदर तोंडाला लावून ऐकायचीस. ते परत आले तो दिवस मला आठवतो. तू रडली नाहीस की रागावली नाहीस. पाण्याचा लोटा पुढे केलास आणि विचारलंस, "जेवले का?"

त्या तालमीत बाबा घोंगडं गोळा करून तुझ्याशेजारी बसले आणि शेंगा सोलायला लागले. त्यांना ते काही नीट जमत नव्हतं. नाटकात मात्र त्यांनी तुझं बोलणं राणीच्या तोंडी जसंच्या तसं ठेवलं. नटी ते बोलली तेव्हा तू तिथे नव्हतीस, पाहुण्यांसाठी वडे तळत होतीस. बाबांनी ती गोष्ट पुन्हा कधी हसत सांगितली नाही.

आज वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, या बायका चिडत का नाहीत?" मी तिला तुझं सांगितलं. सांगताना तुझी फार आठवण आली, आणि पर्समधला फोन आपण उचलून लावला नाही, याची लाजही वाटली.

रूपाने मी तुझ्यावर गेले, असं सगळे म्हणतात. स्वभावाने बाबांवर गेले, हे मी आजवर कबूल केलेलं नाही. हे पत्र सध्या पुस्तकात ठेवते आणि रायपूरला फोन लावते. भांडणाचं काही काढणार नाही. जेवले का, एवढंच विचारीन.