अर्ध्या मिनिटाचा फरक

नोव्हाय, अमेरिका, शनिवार संध्याकाळ

आमच्या नव्या स्ट्रायकरने आजही दोन गोल मारले. टीम टेबलात पहिली आली, आणि मला रडू येतंय.

कॉलेजातल्या गार्गीच्या घरी केबल आहे. माझ्या फोनवर मॅच तिच्यापेक्षा अर्धं मिनिट मागे असते. गेलं वर्षभर गोल झाला तरी ती गप्प राहायची, मला दिसेपर्यंत थांबायची, मगच मेसेज करायची. मी कॉलेज सोडलं, आमचं भांडण झालं, तरी तिचं ते अर्धं मिनिट थांबणं सुटलं नव्हतं. मी त्याच्यावरच जगत होतो यार.

आज माझ्या फोनवर स्ट्रायकर अजून मैदानाच्या मध्यावर होता आणि तिचा मेसेज आला, "गोल! बघितलास?" लगेच दुसरा, "सॉरी, तुला नव्हता."

मग कोणाला? कोणासाठी तिला थांबावंच लागत नाही?

डोकं फिरलं. तिला ब्लॉक केलं आणि उशी भिंतीवर फेकली. बाबा लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाले, "तो तुमचा स्ट्रायकर परक्या देशात येऊन महिन्यात सेटल झाला. तू बारा वर्षं इथे आहेस."

"अहो, जेवू द्या त्याला," आई म्हणाली. मी जेवतच नव्हतो.

दुसरा गोल मी नीट पाहिला. डाव्या पायाने, अगदी कोपऱ्यात. मग सवयीने मेसेजची वाट बघत बसलो. आपणच ब्लॉक केलंय हे आठवायला वेळ लागला.

ब्लॉक काढला. मॅच संपेपर्यंत काही आलं नाही.