दसऱ्याला पुजलेला चष्मा

कोहमारा

प्रिय यादोराव,

रामराम. नागपूरच्या जिन्यांनी तुझे गुडघे फार टेकीस आणले नसतील आणि वहिनींचा दमा आटोक्यात असेल, असं धरून चालतो. (नसेल तर कळव, म्हणजे नीट काळजी करता येईल.) इकडे सारं ठीक. फक्त तुझ्या हेमेंद्रनं आमच्या केंद्राला दिलेलं वेल्डिंग शिकवायचं यंत्र तो सोमवारी परत नेणार म्हणतो. खुशाल नेऊ दे!

यंत्र कसलं, डोळ्यांवर चढवायचा डब्याएवढा चष्मा. आत खोटं लोखंड, खोट्या ठिणग्या. पोरं तासभर वेल्डिंग करतात आणि सदऱ्याला एक भोक नाही! त्यात दसरा आला. बिसराम मिस्त्रींच्या गॅरेजात आपण पान्हे-हातोड्या पुजायचो. म्हटलं, हेही अवजारच. चष्म्याच्या कपाळावर हळदकुंकवाची बोटं ओढली. (त्याचे डोळे, म्हणजे आपले हात टिपणारे कॅमेरे, कपाळावर असतात, हे मला कुणी सांगितलं होतं?) खुशीनं, म्हणजे देवरीहून येणाऱ्या आमच्या हुशार पोरीनं, तो चढवला आणि ओरडली, "काका, कुंकू कायले लावलं? याले माहे हातच दिसून नाही राहिले!" मी घालून पाहिला. समोर अक्षरं उमटली, 'हात दिसत नाहीत.' यादोराव, या हायवेवरच्या अर्ध्या ट्रकांना जोड मारलेले हे हात! रागानं ओल्या फडक्यानं पुसलं, तर हळद आणखीच पसरली. पुढच्या वर्षी तुम्ही यावर नारळ फोडाल, त्यापेक्षा परत नेतो, असं हेमेंद्रचं म्हणणं.

त्या दिवशी मिस्त्रींची फार आठवण आली. "पोट्टेहो, कान देऊन आयका. भजे तळल्यावानी आवाज आला का समजा जोड बसला," म्हणायचे. आणि त्या आवाजानं आपल्याला खरीच भूक लागायची; मग समोरच्या ढाब्यावर एकाच ताटात दोघं, हाताला ग्रीस तसंच. कुठे गेले रे ते दिवस? चष्म्यातही तो आवाज आहे म्हणा, पण लोखंडाचा वास नाही, चटका नाही. गेला तर सुंठीवाचून खोकला गेला.

तुझा,
केशोराव

ता.क. हेमेंद्र आला की जेवल्याशिवाय सोडणार नाही. सावित्री भाकरीच्या पिठाला लागलीच आहे.

आणखी एक ता.क. त्याला यंत्र नेऊ देऊ नकोस. हळद निघते म्हणे, आणि बापाचं तो ऐकेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला खऱ्या ठिणगीकडे बघायची कायमची मनाई केली आहे. घरी सांगितलेलं नाही. पोरं गेली की दार लोटून मी चष्मा चढवतो आणि एक लांबलचक जोड मारतो. मला वेल्डिंग करायला आता दुसरी जागा नाही रे.